काच फुटली, बिल फुगलं: परदेशातल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी मी सहज लिहून गेले की परदेशात दुकानात किंवा हॉटेलात कधी फसल्यासारखं वाटलं असेल तर कळवा, तर पत्रांचा ढीगच आला. निम्मी पत्रं चष्म्याची आणि निम्मी जेवणाच्या बिलाची. आधी वाटलं दोन वेगवेगळे अंक करावे लागणार, पण वाचत गेले तसं लक्षात आलं की दुखणं एकच आहे. समोरचा काहीतरी विचारतो, आपल्याला अर्धवट कळतं, पुन्हा विचारायची लाज वाटते, आणि आपण मान डोलावतो. मीही डोलावलीय, भरपूर. म्हणून एकत्रच उत्तरं देतेय.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं जपान फिरायला आलोय. काल क्योतोत बसमधून उतरताना ह्यांचा चष्मा पडला आणि मागच्याचा पाय बरोबर त्यावरच. एक काच शाबूत आहे, दुसरीचे दोन तुकडे झालेत, काडी तर पार गेली. नंबरचा कागद घरी राहिला. अजून आठ दिवस काढायचेत आणि ह्यांना चष्म्याशिवाय समोरचा माणूस दिसत नाही. — क्योतोहून एक वाचक

उत्तर: तुम्हाला मी तेव्हाच कळवलं होतं, त्यामुळे हे बाकीच्यांसाठी. पहिली गोष्ट म्हणजे तुकडे फेकू नका. चष्म्याच्या दुकानात लेन्सोमीटर नावाचं यंत्र असतं, त्यावर काच ठेवली की नंबर कळतो, आणि शाबूत काचेचा तर लगेचच कळतो. फुटलेल्या काचेचा मधला भाग जर एका तुकड्यात वाचला असेल तर तिचाही बऱ्याचदा अंदाज येतो. फ्रेमचा सांगाडासुद्धा जपून ठेवा, कारण सिलिंड्रिकल म्हणजे ठराविक कोनातच काम करणारा नंबर असेल तर काच फ्रेममध्ये कुठल्या कोनात बसली होती ते कळायला लागतं. नुसता तुकडा हातात घेऊन ते सांगता येत नाही.

आणि चष्मा फुटायचाच असेल तर जपानात फुटलेला बरा! तिथे जिन्स, झॉफ अशा साखळी दुकानांत नंबर दुकानातच तपासतात, डॉक्टरची चिठ्ठी मागत नाहीत, नंबर नेहमीचा असेल आणि काच दुकानात तयार असेल तर तासाभरात चष्मा हातात येतो. साध्या काचांची किंमत बहुधा फ्रेमच्या किमतीतच धरलेली असते. मात्र नंबर फार मोठा असेल, सिलिंड्रिकल जास्त असेल किंवा प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) हवा असेल तर काच मागवावी लागते, मग दिवस जातात, आणि तोवर तुमचं विमान निघून गेलेलं असतं. अशा वेळी मी तरी सरळ एक साधा लांबचा चष्मा करून घेईन आणि प्रोग्रेसिव्हचं घरी गेल्यावर बघेन. तसाही प्रवासात प्रोग्रेसिव्ह करूच नये, बाहुली फ्रेममध्ये नेमकी किती उंचीवर येते ते मोजून काच घासतात आणि नंतर एकदोनदा तरी दुकानात जाऊन बसवून घ्यावा लागतो.

सगळीकडे असं सोपं नसतं. अमेरिकेत दुकानं चालू तारखेचं प्रिस्क्रिप्शन मागतात, म्हणजे आधी तपासणीची अपॉइंटमेंट, तिचे वेगळे पैसे. फ्रान्समध्येही चिठ्ठी लागते, पण ती बरीच टिकते: १६ ते ४२ वयाच्या माणसाची पाच वर्षं आणि ४२ च्या पुढच्याची तीन वर्षं. शिवाय चष्मा हरवला किंवा फुटला, खरंच तातडीचं आहे आणि डॉक्टर मिळत नाहीये, अशा वेळी तिथला चष्मेवाला स्वतः नंबर तपासून अपवाद म्हणून चिठ्ठीशिवाय चष्मा देऊ शकतो. हे तिथे राहणाऱ्यांनाही माहीत नसतं.

पुढच्या वेळी निघताना नंबरच्या कागदाचा फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा आणि जुना चष्मा हातातल्या बॅगेत टाका, चेक-इनच्या नको. जुना नंबर ०.५० ने कमी असला तरी चालतो, पाटी वाचता येते तेवढं पुरे.

प्रश्न: अमेरिकेत आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दिलेला नंबर माझ्या जुन्या नंबरापेक्षा एकदम वेगळा आहे, जुन्यात सिलिंडर उणे होता आणि ह्यांनी चक्क अधिक लिहिलाय, अक्षही काटकोनात फिरलाय. माझे डोळे एवढे बदलले का? की ह्यांनी चूक केली? ऑनलाइन चष्मा मागवायचाय म्हणून विचारतेय, तिथे पीडी पण मागताहेत, तो तर कागदावर कुठेच नाही. — टेक्सासहून

उत्तर: डोळे आहेत तिथेच आहेत, काळजी करू नका. एकच नंबर लिहायच्या दोन पद्धती आहेत. तिकडचे डोळ्यांचे सर्जन डॉक्टर बऱ्याचदा अधिक सिलिंडर लिहितात आणि नंबर काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट उणे सिलिंडर लिहितात. एकातून दुसऱ्यात जायचं गणित अगदी शाळेतलं आहे. समजा कागदावर स्फेरिकल म्हणजे मुख्य नंबर −२.००, सिलिंडर +१.००, अक्ष ९० असं आहे. पहिले दोन आकडे मिळवा, आलं −१.००, हा नवा स्फेरिकल. सिलिंडरचं चिन्ह उलटं करा, −१.००. अक्षात ९० मिळवा, १८० च्या वर जात असेल तर मिळवण्याऐवजी ९० वजा करा. झालं −१.००, −१.००, १८०. हे करून बघा, जुन्या कागदाशी बहुतेक जुळेल. आणि ऑनलाइन भरताना कागदावर जसं आहे तसंच भरा, चिन्हासकट. निम्म्या चुका त्या अधिक-उण्याच्या चौकटीत होतात. कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा आणि ओएस म्हणजे डावा, लॅटिन आहे ते, हेही उलटं भरलेले लोक मला माहितीयत.

आता पीडी. दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसाचं सरासरी ६३ च्या आसपास असतं, पण ५४ पासून ७४ पर्यंत काहीही असू शकतं. अमेरिकेत १९७८ पासून नियम आहे की तपासणी झाली की नंबरचा कागद तुम्ही न मागता आणि वेगळे पैसे न घेता हातात द्यायचा, भले तुम्ही चष्मा दुसरीकडून का घेईनात. पण त्या नियमात पीडी लिहिलाच पाहिजे असं नाहीये. ब्रिटनमध्येही तसंच, कागद देणं कायद्याने बंधनकारक, पीडी नाही. त्यामुळे तो तपासणीच्या वेळीच मागायचा, तोंडाने, खुर्चीतून उठायच्या आधी.

माझी गोष्ट सांगते. माझा नंबर उणे सहाच्या आसपास. पहिल्यांदा ऑनलाइन मागवला तेव्हा पीडी विचारायला लाज वाटली, म्हटलं सरासरी आहे ना, टाका ६३. चष्मा आला, दिसायचं स्वच्छ, पण दुपारपर्यंत डोकं असं धरायचं की विचारू नका, मी आपली समजतेय झोप कमी पडतेय, चहा जास्त होतोय, दोन आठवडे असे काढले. शेवटी एका दुकानात पट्टी लावून मोजला तर ५८. पाच मिलिमीटरचा फरक, आणि उणे सहाच्या काचेत तेवढ्या फरकाने तीन प्रिझमचा (काच प्रकाश किती बाजूला वळवते त्याचं ते माप) ताण पडतो, म्हणजे दोन्ही डोळे दिवसभर उगाच ओढाताण करत बसतात. नंबर एक-दीड असता तर कळलंही नसतं. नंबर जितका मोठा तितकी ही चूक महागात जाते. तो चष्मा अजून कपाटात आहे.

काचांबद्दलही थोडं. अमेरिकेत पॉलिकार्बोनेट सर्रास देतात कारण ते सहज फुटत नाही, लहान मुलांना तेच घ्या. पण मोठा नंबर असेल तर कडेने बघताना रंगांच्या झालरी दिसतात, साध्या प्लॅस्टिकच्या काचेत तेवढ्या दिसत नाहीत. काच बारीक हवी म्हणून १.६०, १.६७, १.७४ असे चढते आकडे सांगतील. नंबर दोन-तीनपर्यंत असेल तर १.७४ घेऊन पैसे घालवण्यात मला काही अर्थ दिसत नाही, फ्रेम लहान घ्या, काच आपोआप बारीक होते. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घ्या, रात्री गाडी चालवताना खरंच फरक पडतो. 'ब्लू लाइट' म्हणजे निळा उजेड अडवणाऱ्या काचेला मात्र मान डोलावू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचीच संस्था आहे आणि कॉम्प्युटरसाठी असा खास चष्मा वापरा असं ती सांगत नाही.

प्रश्न: फ्रेमच्या आतल्या बाजूला ५२, १८, १४० असं लिहिलेलं असतं, तो काय मॉडेल नंबर असतो का? — मेलबर्नहून

उत्तर: माप आहे ते. काचेची रुंदी ५२ मिलिमीटर, नाकावरचा पूल १८, काडी १४०. जो चष्मा चेहऱ्याला बरोबर बसतो त्याचे हे तीन आकडे लिहून ठेवा आणि कुठल्याही देशात तेच मागा. पाश्चात्त्य देशांत फ्रेम नाकावरून घसरत असेल तर 'लो ब्रिज फिट' (बसक्या नाकासाठीची फ्रेम) म्हणून विचारा, किंवा सुटे हलवता येणारे पॅड असलेली घ्या. सगळं बसून फ्रेम गालाला टेकत असेल तर ती आवडली तरी सोडा.

प्रश्न: स्पेनमध्ये गाडी भाड्याने घेऊन फिरणार आहोत. तिथूनच गॉगल घ्यावा म्हणतोय, सगळ्यात गडद घेतला तर चांगला ना? — माद्रिदला जाणारा

उत्तर: अजिबात नाही! युरोपात गॉगलवर ० ते ४ अशी कॅटेगरी लिहिलेली असते. ४ ची काच फक्त ३ ते ८ टक्के उजेड आत येऊ देते, ती बर्फाच्या डोंगरावर वगैरे ठीक, ती लावून गाडी चालवायची नसते. तुम्हाला ३ ची हवी. गडदपणाचा आणि अतिनील किरण अडवण्याचा संबंध नसतो, त्यासाठी यूव्ही ४०० लिहिलंय का ते बघा. पोलराइज्ड घेणार असाल तर दुकानातच लावून फोनचा नकाशा बघा, काही स्क्रीन ठराविक कोनात काळ्या दिसतात. आणि उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचांवर गाडीत विसंबू नका, पुढची काच अतिनील किरण अडवते त्यामुळे त्या आत नीट गडद होतच नाहीत.

प्रश्न: ताई, मी शिकायला जर्मनीत आलोय. पहिल्याच आठवड्यात मित्रांबरोबर जेवायला गेलो, बिल ४१ युरो ३० सेंट झालं, मी पन्नासची नोट दिली आणि सवयीने हसून 'डांके' म्हणालो. वेटर खूश होऊन निघून गेला, परत आलाच नाही. ८ युरो ७० सेंट गेले. माझं काय चुकलं? आणि कुठे किती टिप द्यायची हे एकदाच सांगून टाका. — म्युनिकहून

उत्तर: अरे, चुकला तो तुझा 'डांके'च! तिथे पैसे हातात देताना धन्यवाद म्हटलं की त्याचा अर्थ 'राहू दे सुटे'. त्याने लबाडी केली असं मी म्हणणार नाही, तू दिलेस, त्याने घेतले. तिथे टिप टेबलावर ठेवून निघून जात नाहीत, पैसे देतानाच एकूण आकडा सांगतात. ४१.३० चं बिल असेल तर नोट पुढे करायची आणि 'चव्वेचाळीस' म्हणायचं, तो सहा परत देतो. पाच ते दहा टक्के पुष्कळ झालं, विद्यार्थ्याने नुसता आकडा वर गोल केला तरी कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. आणि पाणी मागितलंस की बाटली येते, तिचे पैसे पडतात, कधीकधी बिअरएवढे. नळाचं पाणी हवं तर तसं स्पष्ट सांग, काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाक मुरडतात. फ्रान्समध्ये मात्र जेवणाबरोबर नळाच्या पाण्याचा जग फुकट द्यावाच लागतो, 'कराफ दो' म्हणायचं. इंग्लंडमध्येही दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी मागितल्यावर नळाचं पाणी फुकट.

टिपचं एकदाच सांगून संपत नाही पण बघू. सगळ्यात अवघड अमेरिका. तिथे मेन्यूवरच्या किमतीत सेल्स टॅक्स नसतो, टिप नसते, त्यामुळे तू मनात धरलेला आकडा आणि बिलाचा आकडा यात चांगलाच फरक पडतो. बसून जेवलास तर १५ ते २० टक्के द्यायचेच, ते ऐच्छिक फक्त कागदावर. कारण असं की टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान वेतन केंद्र सरकारच्या कायद्यात तासाला २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून ते हललेलं नाही, बाकीचं टिपेतून भरून निघायचं अशी ती व्यवस्था. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं पूर्ण किमान वेतन देतात, तरी टिपेची पद्धत तिथेही तीच. मला ही पद्धत पटत नाही, मालकाने द्यायचा पगार गिऱ्हाइकाने का द्यायचा, पण तो राग वेटरवर काढायचा नाही. टक्के काढताना टॅक्सच्या आधीच्या रकमेवर काढ. सहा-आठ जण असाल तर बिलात १८ किंवा २० टक्के आधीच लावलेले असू शकतात, वाचून बघ, नाहीतर दोनदा देशील. आणि काउंटरवर कॉफी घेताना जी स्क्रीन तुझ्याकडे फिरवतात ना, १८, २०, २५, तिथे 'नो टिप' दाबलंस तर काहीही होत नाही, मागच्या माणसाकडे बघू नकोस फक्त.

जपानात टिप द्यायचीच नाही, टेबलावर ठेवलीस तर विसरलात म्हणून मागे धावत येऊन परत देतात. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे छापलेल्या किमतीतच असतात, चिल्लर ठेवलीस तर ठेव. लंडनमध्ये बिलात बऱ्याचदा १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज येतो, तो ऐच्छिक लिहिलेला असेल तर काढायला सांगता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदा आहे की हे पैसे मालकाने ठेवायचे नाहीत, कामगारांना द्यायचे, म्हणून सेवा बरी असेल तर मी काढायला सांगत नाही. सिंगापूरला मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की समजायचं, १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी अजून लागायचाय.

प्रश्न: लिस्बनमध्ये आम्ही बसल्याबसल्या ब्रेड, ऑलिव्ह, चीज आणून ठेवलं. आम्हाला वाटलं पाहुणचार! बिलात प्रत्येकाचे पैसे. रोममध्येही माणशी काहीतरी लावलं. हे कायदेशीर आहे? — दोन बहिणी

उत्तर: पाहुणचार नव्हता तो, पण फसवणूकही म्हणता येणार नाही. पोर्तुगालमध्ये ह्याला कुव्हेर म्हणतात. न मागता आलेल्या वस्तूला तुम्ही हात लावला नाही तर तिचे पैसे लावता येत नाहीत, असा तिथला कायदाच आहे. पण तुम्ही ऑलिव्ह उचललंत की ते तुमचं. नको असेल तर आल्याआल्या परत न्यायला सांगा, कुणाला वाईट वाटत नाही. इटलीत कोपेर्तो म्हणजे ताट-रुमालाचे माणशी पैसे, ते तुम्ही ब्रेड खा न खा लागतात आणि मेन्यूवर लिहिलेले असतात. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तिथे २००६ च्या प्रांतिक कायद्याने कोपेर्तो घ्यायला मनाई आहे, म्हणून तिथे बिलात 'पाने' म्हणजे ब्रेड असं दिसतं. ब्रेड नको म्हणून आधी सांगितलं तर तो टाळता येतो. जपानात इझाकायामध्ये, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, बसल्यावर छोटी वाटी येते, ओतोशी, तीसुद्धा विकतचीच, बसायचं भाडं समजा, आणि ती बहुतेक ठिकाणी परत करता येत नाही.

प्रश्न: मी पूर्ण शाकाहारी. युरोपात मेन्यूवर अॅलर्जीचे आकडे असतात त्यावरून ओळखता येतं का? — ॲमस्टरडॅमहून

उत्तर: नाही, आणि ह्या गैरसमजात पुष्कळ लोक आहेत. युरोपच्या नियमाप्रमाणे १४ अॅलर्जीकारक पदार्थ सांगावे लागतात, डिसेंबर २०१४ पासून सुट्या अन्नालाही. त्यात मासे, अंडी, कोळंबीसारखे कवचवाले, शिंपले आहेत, त्यामुळे तेवढं कळतं. पण कोंबडी-मटण-गोमांस त्यात नाही कारण ती यादी अॅलर्जीची आहे, धर्माची किंवा आवडीची नाही. म्हणजे फ्रेंच कांद्याच्या सूपमध्ये बैलाच्या हाडांचा स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, असेल तर यादीत त्याचा पत्ता नसतो. पार्मेजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानेच) बनवतात, तसा त्याचा नियमच आहे, आणि ते चीज बऱ्याच पेस्तोत असतं. वूस्टर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे असतात. जपानात तर भाजीसुद्धा बोनितो माशाच्या दाशीत, म्हणजे स्टॉकमध्ये, शिजते आणि वेटर प्रामाणिकपणे सांगतो की ह्यात मांस नाही. 'शाकाहारी आहे का?' असा प्रश्नच विचारू नका, उत्तर नेहमी हो येतं. 'पाणी कशाचं वापरलंय, स्टॉक कशाचा?' असं विचारा. मंदिरातलं शोजिन र्योरी जेवण मिळालं तर निर्धास्त जेवा, तिथे दाशी समुद्री शेवाळ आणि मश्रूमची असते.

प्रश्न: कार्ड मशीनवर 'तुमच्या चलनात भरायचं की इथल्या?' असं येतं. काय दाबू? — घाईत असलेला

उत्तर: इथल्या. नेहमी इथल्या, चष्म्याचं दुकान असो की हॉटेल. तुमच्या चलनात दाबलं की दर मशीनवाल्याचा लागतो, आणि तो जवळजवळ नेहमीच तुमच्या बँकेपेक्षा वाईट. वेटरने तुमच्या वतीने दाबायच्या आधी मशीन हातात घ्या.

प्रश्न: लिहायला लाज वाटतेय, पण बाहेर जेवायला गेलं की मेणबत्तीच्या उजेडात मला मेन्यू वाचताच येत नाही. घरी पेपर तर वाचते. वय ४४. मैत्रिणी मागवतात तेच मीपण म्हणते. परवा त्यामुळे ऑयस्टर आले समोर! — ब्रसेल्सहून

उत्तर: चाळिशी लागली हो तुम्हाला, दुसरं काही नाही. कमी उजेडात बाहुली मोठी होते, आणि ती मोठी झाली की जवळचं नीट दिसायची उरलीसुरली सोयही जाते, म्हणून घरी खिडकीशी पेपर वाचता येतो आणि हॉटेलात मेन्यू धूसर दिसतो. लांबचा नंबर नसेल तर तात्पुरतं म्हणून दुकानात तयार वाचायचे चष्मे मिळतात, सुपरमार्केट, औषधांची दुकानं, कुठेही, अधिक १ पासून अधिक ३.५० पर्यंत. तुमच्या वयाला बहुतेक अधिक १ किंवा १.२५ पुरेल. दुकानात मेन्यूएवढं बारीक छापलेलं काहीतरी हातभर अंतरावर धरून वाचा, आणि जो सगळ्यात कमी नंबर चालतोय तो घ्या. त्यात दोन्ही काचा सारख्या असतात, तुमचे डोळे सारखे असतीलच असं नाही, म्हणून एकदा नीट तपासूनही घ्या, काचबिंदूचा दाबही त्यातच बघून होतो. तोवर फोनच्या टॉर्चने मेन्यू वाचला तरी चालतं, मी वाचते. वेटर येतो, बघतो, आणि बऱ्याचदा स्वतःच दिवा जवळ सरकवतो. ऑयस्टर खाल्लेत का पण? ते लिहिलंच नाहीत.